एकांकिकेचं बॅकस्टेज: पंधरा मिनिटांत उभा राहणारा सेट आणि बाकीची तयारी

ओसरी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आमच्या हौशी संस्थेची एकांकिका या हंगामात तीन स्पर्धांना जाणार आहे. नाट्यगृहं तीन, तिन्ही आमच्यासाठी नवीन. नटांच्या तालमी व्यवस्थित चालू आहेत. बॅकस्टेजचं मात्र अजून कागदावरही काही नाही, म्हणून हा धागा.

सेट जुन्या वाड्याच्या ओसरीचा. मागे वीस फुटी भिंत, तिच्या मधोमध दार, उजव्या अंगाला गजांची खिडकी, डावीकडे दोन पायऱ्यांचं जोतं. अवधी 45 मिनिटं, प्रवेश तीन, मध्ये दोन अंधार. पात्रं सहा, बॅकस्टेजला पाच जण. नेपथ्य लावायला 15 मिनिटं आणि काढायला 10 मिनिटं मिळणार. प्रकाशासाठी हॉलचे बारा दिवे आहेत. सामान छोट्या हत्तीतून न्यायचं आहे.

भिंत प्लायची करावी की कापडाची? दिव्यांची वाटणी कशी करावी? आणि पंधरा मिनिटांचं गणित कसं बसवायचं? ज्यांनी हे केलंय त्यांनी मोजमापांसकट लिहिलंत तर फार मदत होईल.

---

सुताररंधा

कापडाची करा. 12 मिमी प्लायचा आठ बाय चारचा एक तक्ता वीस किलोच्या वर जातो. तेवढ्याच मापाची लाकडी चौकट मांजरपाटाने मढवली (यालाच फ्लॅट म्हणतात) की सात-आठ किलोत भागतं आणि एक माणूस ती उचलून चालू लागतो. तुमच्याकडे माणसं पाचच आहेत, त्यामुळे इथेच निम्मा प्रश्न सुटतो.

चौकटीला दोन बाय एक इंचाची सुकलेली पट्टी घ्या. ओली घेतलीत तर महिन्याभरात पीळ पडतो आणि शेजारच्या फ्लॅटला कड जुळत नाही. उभ्या दोन, आडव्या तीन: वर, खाली आणि मधोमध. कोपऱ्यांवर मागून 6 मिमी प्लायचे त्रिकोण फेविकॉल लावून पाऊण इंची स्क्रूने बसवा. हे त्रिकोण चौकटीच्या कडेपासून पाऊण इंच आत ठेवायचे. कडेला चिकटून बसवले तर बाजूची भिंत काटकोनात वळवताना प्लाय मध्ये येतो आणि फट राहते. ही फट मागच्या दिव्याने अशी उजळते की शेवटच्या रांगेतूनही दिसते.

मांजरपाट धुऊन घेऊ नका, कोराच हवा. आधी प्रत्येक बाजूच्या मधोमध एक स्टेपल मारा, मग कोपऱ्यांकडे सरका. तबल्यासारखं ताणू नका, किंचित ढिलं राहू द्या. वर एक भाग फेविकॉल आणि पाच-सहा भाग पाणी यांचा हात मारलात की वाळताना कापड आपोआप आवळतं. आधीच ताणलेलं असेल तर वाळल्यावर ते चौकटीलाच कमान आणतं. त्या पाण्यात मूठभर खडूची पूड टाका म्हणजे कापडाची छिद्रं बुजतात आणि मागचा उजेड पुढे झिरपत नाही.

रंग डिस्टेंपरचा. वाड्याच्या मातीच्या भिंतीसाठी एकच छटा लावून थांबू नका. खाली पिवडी, वर स्पंजने गेरू, आणि जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत ओल आल्यासारखा गडद पट्टा. एकरंगी भिंत दिव्याखाली कागदासारखी सपाट दिसते. ऑइल पेंट अजिबात नको, तो चमकतो.

जोडणीला पिन काढता येणारी बिजागरी वापरा, दर जोडाला तीन. तुमच्या मागच्या भिंतीचे पाच फ्लॅट आणि दोन्ही बाजूंचा एकेक, असे सात होतात. जोड सहा, पिना 18. शिवाय दारामागे एक सुटा आड फ्लॅट हवाच. तो नसेल तर दार उघडलं की पहिल्या रांगेला वाड्याच्या माजघराऐवजी विंगेतल्या दोऱ्या दिसतील.

---

खिळेमोळे

सुताररंधांशी बहुतांशी सहमत, पण दाराचा फ्लॅट पूर्ण कापडी करू नका. दार आपटलं की सगळी भिंत लाटेसारखी हलते आणि पाहणाऱ्याच्या मनातला वाडा तिथेच संपतो. दाराच्या चौकटीला तीन बाय दीडची पट्टी आणि बिजागरीच्या बाजूला मागून स्वतंत्र टेका द्या. दार मागच्या बाजूला उघडायला हवं. दार आपटण्याचा आवाज त्या दाराकडून काढूच नका. नटाने ते हळू लोटायचं आणि त्याच क्षणी विंगेतल्या माणसाने जाड फळी दुसऱ्या फळीवर आपटायची.

खुंटी किंवा फोटो टांगायचा असेल तिथे मागून आडवी पट्टी आधीच मारून ठेवा. नुसत्या कापडावर टांगलं तर चुणी पडते.

टेक्यांबद्दल: बहुतेक नाट्यगृहं रंगमंचावर खिळा मारू देत नाहीत. त्यामुळे काटकोनी त्रिकोणी टेका, तोही बिजागरीवर मिटणारा. भिंतीशी तो दोन पिनांनी जोडायचा आणि जमिनीवरच्या पायावर वाळूची पिशवी ठेवायची. टेक्याचा वरचा जोड फ्लॅटच्या दोन तृतीयांश उंचीवर, म्हणजे आठ फुटाला साधारण साडेपाच फुटांवर. खाली जोडला तर वरचा भाग डुलतो. दहा किलोची एक पिशवी एका टेक्याला पुरते, दारापाशी दोन ठेवा.

छोट्या हत्तीचा हौदा साधारण सात फूट लांब असतो. आठ फुटी फ्लॅट मागे फूटभर बाहेर येणार. फळका उघडा ठेवून लाल फडकं बांधा आणि रंगवलेली बाजू रंगवलेल्या बाजूला लावून ठेवा. मध्ये जुन्या चादरी टाका. रंग खरवडला जातो तो रंगमंचावर नाही, टेम्पोत.

---

विंगेतली

पंधरा मिनिटांचं गणित सुतळीने सुटतं.

वीस फुटांपेक्षा थोडी जास्त सुतळी घ्या. मधोमध लाल चिंधी बांधा. तिथून दोन्ही बाजूंना जिथे जिथे फ्लॅटचा जोड येतो तिथे गाठ मारा. जोत्याच्या कोपऱ्याला निळी चिंधी. हॉलमध्ये गेल्यावर पहिला माणूस रंगमंचाचा मध्य शोधतो आणि दोघं मिळून सुतळी अंथरतात. आता कुठला फ्लॅट कुठे हा प्रश्न कुणी कुणाला विचारायचाच नाही. फ्लॅटच्या मागे मोठे आकडे घाला. डाव्याचा आकडा उजव्यापेक्षा लहान, आणि डावं-उजवं नेहमी प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाचं धरायचं. एकाने प्रेक्षकांचं डावं धरलं की खिडकी जोत्याच्या बाजूला जाते.

तुमच्या पाच जणांची वाटणी मी अशी करेन.

पहिली दोन मिनिटं: दोघं सुतळीवर. उरलेले तिघं फ्लॅट क्रमाने विंगेत उभे करून ठेवतात.

दोन ते आठ: दाराचा फ्लॅट सगळ्यात आधी, त्याचे टेके आणि पिशव्या लगेच. मग दाराच्या दोन्ही बाजूंनी एकेक जोडी भिंत बाहेर वाढवत नेते. पाचवा माणूस फक्त पिना लावतो, त्याने दुसरं काही उचलायचं नाही. एका टोकाकडून सुरुवात केली तर शेवटी दार चार इंच सरकलेलं निघतं.

आठ ते अकरा: जोतं, पायरी, खाट, कंदिलाची खुंटी.

अकरा ते तेरा: प्रॉपर्टी (नाटकात वापरायच्या वस्तू) जागेवर, रेडियमच्या खुणा.

शेवटची दोन मिनिटं कुणीही काहीही उचलायचं नाही. एक जण पहिल्या रांगेच्या दोन्ही टोकांच्या खुर्च्यांवर बसून फटी बघतो, एक जण दार तीनदा उघडतो-मिटतो.

याची तालीम घड्याळ लावून करा, नटांच्या तालमीइतक्याच गांभीर्याने, आणि शेवटच्या दोन वेळा अंधारात. पहिल्यांदा अर्धा तास लागतो, पाचव्या-सहाव्या वेळेला तेरा मिनिटांवर येतं.

हॉलला आधी एक जण टेप घेऊन पाठवा. रंगमंचाची रुंदी, खोली, दोन्ही विंगांतली मोकळी जागा, सामान आत नेण्याच्या दाराची रुंदी-उंची आणि जिन्याचं वळण, एवढं मोजून आणलं तरी पुरे. जिन्याचं वळण मोजायचं राहिलं की आठ फुटी फ्लॅट तिथे अडतो.

---

काळोख

आता दिवे. बारा आहेत म्हणता, पण सगळे पुढून लावू नका.

अभिनयाचे भाग तीनच धरा: जोतं, मध्य, खिडकीची बाजू. प्रत्येकाला समोरच्या बारवरून (दिवे टांगायच्या आडव्या नळीवरून) दोन दिवे, दोन्ही बाजूंनी तिरपे. उभा आणि आडवा कोन दोन्ही साधारण 45 अंश. सहा संपले. एका दिव्यावर फिकट उबदार जिलेटिन (दिव्यापुढे लावायचा रंगीत पारदर्शक कागद), दुसऱ्यावर फिकट निळसर, म्हणजे नाकाची सावली मेल्यासारखी काळी पडत नाही. सातवा उजव्या विंगेतून स्टँडवर, खिडकीच्या गजांतून आत. आठवा दारामागच्या फ्लॅटवर. नववा-दहावा मागच्या बारवरून रात्रीसाठी निळे. अकरावा कंदिलाच्या जागेवर, अंबर म्हणजे पिवळसर नारिंगी. बारावा राखीव. एखादा दिवा ऐन वेळी गेला की तो फिरवता येतो.

आता विजेचा भार बघा. 1000 वॉटचा हॅलोजन 230 व्होल्टला सव्वाचार अँपिअरच्या वर घेतो. 15 अँपिअरच्या एका पॉइंटवर तीनच. चौथा लावला की फ्यूज लगेच जाईलच असं नाही, वायर तापत राहते आणि पंचविसाव्या मिनिटाला जातो. बारा दिवे एकदम पेटले तर 52 अँपिअर, म्हणून तिन्ही फेजवर चार-चार वाटून घ्या. ही जोडणी हॉलच्या वायरमनकडूनच करून घ्यायची. एक्स्टेन्शनची गुंडाळी पूर्ण उलगडून वापरा, गुंडाळलेली वायर आतून वितळते.

हॅलोजनच्या बल्बच्या काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल लागलेल्या जागी काच जास्त तापते आणि बल्ब फुटतो. कपड्याने धरायचा. बारवर चढवलेल्या प्रत्येक दिव्याला साखळी हवीच.

हॉलमध्ये एलईडी पार (डब्यासारखे एलईडी दिवे) असतील तर ते उजेड कमी-जास्त करणाऱ्या डिमरला जोडू नका. त्यांना सरळ सप्लाय आणि डीएमएक्सची, म्हणजे दिव्यांना हुकूम पोचवणारी, केबल. बऱ्याच स्वस्त एलईडीत फेडच्या (उजेड हळूहळू उतरवण्याच्या) शेवटच्या टोकाला उजेड झटका देऊन विझतो. संध्याकाळ होण्यासारखा आठ-दहा सेकंदांचा फेड असेल तर तो हॅलोजनवर ठेवा.

---

ओसरी

सगळ्यांचे मनापासून आभार. सुतळीची युक्ती उद्याच करून बघते. काळोख, कंदिलाचं जरा सविस्तर सांगाल का? दुसऱ्या प्रवेशात माई कंदील लावते आणि तिथून पुढचा सगळा प्रवेश त्याच उजेडात आहे. ज्योत खरी ठेवावी का?

---

काळोख

खरी ज्योत नको. हॉल परवानगी देत नाही आणि भिंत कापडाची आहे. कंदिलात बॅटरीवरचा छोटा पिवळा एलईडी ठेवा, काचेला आतून पातळ ट्रेसिंग पेपर लावा म्हणजे टोचणारा ठिपका न दिसता ज्योतीसारखा गोळा दिसतो. स्विच वातीच्या चावीपाशी.

क्यू शीटमध्ये (कुठल्या क्षणी कुठला दिवा किंवा आवाज बदलायचा, त्या क्यूंच्या यादीत) हे असं लिहा:

क्यू 7. माईचा उजवा हात चावीवर. हात फिरू लागला की अंबर 0 ते 30 टक्के, 2 सेकंद.
क्यू 8. माई काच खाली बसवते. अंबर 30 ते 60, मधल्या भागाचे पुढचे दोन दिवे 10 ते 25, 4 सेकंद.
क्यू 9. माई कंदील खुंटीला अडकवते आणि हात काढते. अंबर तसाच, निळे दोन 40 ते 25, 6 सेकंद.

इथे एकही क्यू वाक्यावर नाही, हे मुद्दाम आहे. वाक्य पुढेमागे होतं, नट दोन शब्द गाळतो. हात फिरण्याआधी उजेड आला तर माईने कंदील लावला असं कुणालाच वाटणार नाही. हाताच्या मागे पाव सेकंद आला तरी चालतं, पुढे आलेला चालत नाही. त्यामुळे दिवे चालवणाऱ्याला हात दिसला पाहिजे. त्याची जागा कोपऱ्यात असेल तर विंगेतल्या कुणीतरी हात खाली करून इशारा द्यावा.

आणि अंबरचा झोत कंदिलावर नको, माईच्या चेहऱ्यावर आणि तिच्या मागच्या भिंतीवर हवा. कंदील अडकवायच्या खुंटीची जागा सुतळीवर बांधून घ्या, कारण सहा इंच सरकली की झोत रिकाम्या भिंतीवर पडतो.

---

सूरपेटी

ध्वनीबद्दल थोडं.

प्रत्येक क्यूची वेगळी फाइल करा, नावाआधी आकडा: 01, 02, असं. एकाच लांब ट्रॅकवर पुढेमागे करत बसू नका. फाइलच्या सुरुवातीची शांतता कापून टाका, नाहीतर बटण दाबूनही आवाज उशिरा येतो आणि माणूस घाबरून दुसऱ्यांदा दाबतो. मोबाइलवरून वाजवत असाल तर एअरप्लेन मोड. लॅपटॉपवर झोपण्याची वेळ, सूचना आणि अपडेट तिन्ही बंद. पेन ड्राइव्हवर दुसरी प्रत दुसऱ्या माणसाच्या खिशात.

लॅपटॉप मिक्सरला लावल्यावर घुंऽऽ असा आवाज आला तर आधी चार्जर काढून बघा. थांबला तर दोष अर्थिंगच्या वळशाचा आहे. मध्ये डीआय बॉक्स (ही घुरघुर तोडणारी छोटी पेटी) लावा किंवा प्रयोगभर बॅटरीवर चालवा. तरीही राहिला आणि दिवे मंद केले की वाढत असेल तर ध्वनी डिमरच्या फेजवर आहे. वायरमनला सांगून दुसऱ्या फेजवर घ्या.

कंदिलाच्या प्रवेशात रातकिडे ठेवणार असाल तर आवाज माई बोलेपर्यंत ठेवा आणि मग इतका हळू उतरवा की उतरल्याचं कळू नये. पूर्ण शून्यावर नेऊ नका. शून्य झाल्यावर प्रेक्षकांतला पंख्याचा आवाज एकदम ऐकू येतो.

---

मांडवकर

गोव्याहून. आमच्याकडे देवळाच्या उत्सवात मांडवातली नाटकं होतात. तुम्ही पुढे कधी उघड्यावर प्रयोग केलात तर मांजरपाटाचा फ्लॅट शिडासारखा वारा धरतो हे लक्षात ठेवा. पिशव्या दुप्पट करा आणि मागच्या भिंतीला वरून दोन दोऱ्या मांडवाच्या खांबांना बांधा. रंगवलेला पडदा सोडत असाल तर त्याच्या खालच्या घडीत बांबू घाला.

कापडाला आग लवकर लागते. लिटरभर कोमट पाण्यात साधारण 70 ग्रॅम टाकणखार आणि 30 ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून फ्लॅटच्या मागून फवारा. सुती कापडावर काम होतं, पॉलिस्टरवर नाही. कापड भिजलं किंवा धुतलं की पुन्हा मारावं लागतं. वापरण्याआधी त्याच कापडाचा तुकडा बाहेर नेऊन काडी लावून बघा.

---

रंगपेटी

माईचे केस पांढरे करायला टाल्कम पावडर नको. ती प्रत्येक हालचालीला उडते आणि मागच्या निळ्या दिव्यात ढग दिसतो. पाण्यातला पांढरा रंग जुन्या टूथब्रशने कपाळापासून मागे ओढा, थोडे काळे केस मध्ये राहू द्या.

दाढी-मिशी स्पिरिट गमने लावणार असाल तर दोन दिवस आधी कानामागे लावून बघा, काहींना पुरळ येतं. मिशी लावण्याआधी ओठावरचं तेल पुसा, घामावर ती टिकत नाही. काढताना खोबरेल तेल मुरू द्या, ओढू नका.

आणि रंगभूषा खोलीतल्या ट्यूबलाइटखाली ठरवू नका. प्रकाशाच्या तालमीला एकदा पूर्ण रंग लावून उभे राहा. उबदार दिव्यात लाली कमी दिसते, थंड एलईडीत चेहरा राखाडी दिसतो.

---

विंगेतली

प्रॉपर्टीचं राहिलं होतं.

दोन्ही विंगांत एकेक टेबल, त्यावर तपकिरी कागद. प्रत्येक वस्तूभोवती मार्करने बाह्यरेषा काढा आणि आत नाव व प्रवेश लिहा: "चष्मा, 1", "पत्र, 3". रिकामी रेषा दिसली की काय गेलंय ते बॅटरीशिवायही कळतं. वस्तू ठेवणारा माणूस एकच. नटाने वस्तू टेबलावरून घ्यायची आणि टेबलावरच ठेवायची, खिशात विसरायची नाही.

पत्रावर मजकूर खरा लिहा आणि दोन प्रती ठेवा. चहा कपाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच, कोमट. खायचं असेल तर केळं किंवा मऊ पोळी. शेंगदाणे, चिवडा, पोहे नकोत, पुढच्या वाक्याला ठसका लागतो. काचेचा पेला फुटला तर अनवाणी नट आहेत, स्टीलचा घ्या.

जोत्याच्या लेव्हलखाली (उंचवट्याच्या लाकडी चौथऱ्याखाली) जुनं गोणपाट ठोका. पोकळ लेव्हलवर पावलं ढोलासारखी वाजतात.

अंधारातल्या बदलासाठी विंगेत निळा झिरो बल्ब लावा. आणि ज्यांना अंधारात आत जायचं आहे त्यांनी आधी अर्धा मिनिट रंगमंचाच्या उजेडाकडे पाठ करून उभं राहायचं, डोळ्यांना अंधाराची सवय लागायला वेळ लागतो. वस्तू हलवणाऱ्यांचा क्रम आणि वाटा कागदावर काढा, दोघं कधीच एकमेकांना ओलांडणार नाहीत अशा.

---

संहितापाल

एक कागदी गोष्ट. लेखकाची लेखी परवानगी आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं) प्रमाणपत्र तालमी सुरू असतानाच मार्गी लावा. संहिता बदलली असेल तर मंजूर प्रत आणि प्रयोगाची प्रत वेगळी राहू देऊ नका. स्पर्धेची नियमावली नेपथ्यवाल्यानेही वाचावी. 1954 पासून चालत आलेल्या राज्य नाट्य स्पर्धेत नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा यांना स्वतंत्र पारितोषिकं असतात. 1963 पासूनच्या पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेत भर लेखन, दिग्दर्शन, अभिनयावर आहे. कुठे किती खर्च करायचा ते यावरून ठरवा.

प्रॉम्प्टरच्या संहितेत प्रत्येक विराम तिरक्या रेघेने दाखवा. माई कंदिलाकडे बघत थांबते ती विसरली म्हणून नाही, हे प्रॉम्प्टरला माहीत हवं.

---

ओसरी

जोतं 16 इंच उंच, पायरी 8 इंच ठरवली आहे. बाकी सगळं छापून तालमीच्या खोलीत लावते. शेवटचा प्रश्न: दहा मिनिटांत उतरवताना घाईत काय हरवतं?

---

खिळेमोळे

पिना. सात फ्लॅटच्या 18, पाच टेक्यांच्या प्रत्येकी दोन म्हणजे 10, एकूण 28. त्यांना जाड सुतळीने बिजागरीलाच बांधून ठेवता येतं, पण सुतळी अंधारात अडकते. त्यापेक्षा पिना लावणाऱ्याच्याच कमरेला कप्प्याची पिशवी द्या.

उतरवताना आधी प्रॉपर्टी, मग जोतं-खाट, मग बाजूच्या भिंती, दार सगळ्यात शेवटी. पिशव्या काढायच्या त्या त्या फ्लॅटवर दोन हात असतील तेव्हाच. टेम्पोचा फळका लावायच्या आधी पिनावाला मोठ्याने आकडा सांगतो. 28 आला की गाडी हलते. 27 आला तर बॅटरी घेऊन सुतळीच्या रेषेवरून मागे, दारापासून सुरुवात. बहुतेक वेळा ती दाराच्या खालच्या बिजागरीपाशीच पडलेली असते, कारण ती जमिनीलगत असल्यामुळे वाकून न बघता काढली जाते.